एका जुन्या रिव्हॉल्वरची साक्ष

जुन्या वस्तूला वय असते तसा लौकिकही असतो. परंतु या दोहोंची वाढ एका हिशेबाने होत नाही. वय दरसाल एक वर्ष या सरळ व्याजाने वाढते, लौकिक मात्र चक्रवाढीने. एखादी तलवार घरात तीन पिढ्या नांदली की ती पानिपतावर जाऊन आलेली असते, आणि चौथ्या पिढीत तिने तेथे काय पराक्रम केला हेही घरातल्या पोरासोरांस तोंडपाठ असते. यात कोणी जाणूनबुजून लबाडी करतो असे आम्हांस वाटत नाही. आपल्या घराचा बारीकसा धागा देशाच्या मोठ्या इतिहासात कोठेतरी गुंतलेला असावा अशी प्रत्येकाची इच्छा असते, आणि खुंटीवरची वस्तू मुकी असल्यामुळे तिच्या वतीने बोलणे सोयीचे जाते. वस्तू खुंटीवर आहे तोवर यात कोणाचे नुकसान नाही. ती विकावयास निघाली म्हणजे मात्र लौकिकाला रुपयांत मोल पडू लागते, आणि मग त्या मुक्या वस्तूस प्रत्यक्ष साक्षीला उभे करणे प्राप्त होते.

आमच्या जाफराबादची भूमी अशा लौकिकाला फार सुपीक आहे. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेले, जाफरखानाच्या जहागिरीमुळे नाव पावलेले आणि जुन्या किल्ल्याचे अवशेष सांभाळून असलेले हे गाव. खेळणेच्या काठाने वर गेले की तिच्या आणि जुईच्या बेचक्यात असई लागते. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. जालन्यास १९०३ पर्यंत फौजेची छावणी होती. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात जून १८५७ मध्ये उठावाची ठिणगी पडली होती. एवढी सामग्री हाताशी असता नांगराच्या फाळाला लागलेला प्रत्येक लोखंडी गोळा असईचा ठरावा आणि जुन्या वाड्यातले प्रत्येक हत्यार सत्तावनचे ठरावे, यात नवल नाही.

असेच एक हत्यार गेल्या वर्षी आमच्यापुढे आले. आमचे एक स्नेही तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतात. त्यांच्यापाशी शस्त्राचा परवाना आहे आणि जुन्या यंत्रांचे वेड आहे. जवळच्या एका खेड्यातील वृद्ध शेतकऱ्याकडे पिढीजात रिव्हॉल्वर होते, तेही रीतसर परवान्यावर. नातीच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च अंगावर आल्यामुळे ते विकण्याचे त्या गृहस्थांनी मनात आणले. मागणी आमच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाएवढी होती, आणि तिचा सारा भार एका गोष्टीवर होता : पणजोबांनी हे हत्यार सत्तावन साली औरंगाबादेच्या छावणीतील एका गोऱ्या अधिकाऱ्यापासून हिसकावून आणले होते. पुरावा हत्यारावरच कोरलेला होता. त्यावर इंग्रजीत १८५५ असे साल होते. आम्ही इंग्रजीचे अध्यापक, तेव्हा ती बारीक अक्षरे आम्ही वाचावी असे दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरले.

"सर, तुम्हीच वाचा. अठराशे पंचावन्न हाय का नाही? मग सत्तावनच्या आधीचंच झालं की हे!" वृद्ध गृहस्थ म्हणाले. युक्तिवाद बिनतोड दिसत होता. परंतु आम्हांस या विषयाचे थोडे वाचन पूर्वीपासून असल्यामुळे केवळ एक साल वाचून आम्ही तेथे थांबलो नाही. असे हत्यार विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी हे या निमित्ताने सांगितल्यास ते वाचकांस निरुपयोगी वाटणार नाही; कारण हा क्रम जुनी पोथी, जुने नाणे किंवा जुने घराणे पारखतानाही बहुतांशी असाच असतो.

सर्वांत आधी हत्यार रिकामे आहे की नाही हे पाहावे. दीडशे वर्षांचे शस्त्र सुद्धा भरलेले असू शकते, आणि 'आजोबांच्या वेळेपासून कोणी हात लावला नाही' हे वाक्य त्याबाबत मुळीच धीर देणारे नाही. त्यानंतर कागद. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे विकणाऱ्याचा परवाना चालू हवा, घेणाऱ्याच्या परवान्यात या जातीच्या शस्त्राला जागा हवी, आणि खाजगी विक्री करावयाची तर जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकचे पोलीस ठाणे यांस लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावयास हवे. 'जुन्या वस्तूला परवाना लागत नाही' अशी एक समजूत बाजारात फिरत असते. ती अर्धवट आहे. कायद्याच्या ४५ व्या कलमातील सवलत जुन्या घडणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रास आहे खरी. परंतु ते दुरुस्त करूनही चालविता येण्याजोगे नसावे अशी तिला अट आहे. म्हणजे सवलत आहे ती असमर्थतेला; नुसत्या म्हातारपणाला नाही. घासूनपुसून ज्याचा घोडा पडतो आणि चक्र फिरते, त्या हत्याराने कितीही पावसाळे पाहिलेले असोत, कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्रच. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसास परदेशी धाडता येत नाही. हे सारे जो आधी पाहात नाही त्याने पुढील परीक्षा करण्याचे कष्ट घेऊ नयेत. आमच्या प्रसंगी दोन्ही परवाने स्वच्छ होते, म्हणूनच आम्ही ती वस्तू हाती घेतली.

वस्तू मोठी मोहक होती. मुठीत जवळजवळ लपेल एवढा आकार. पितळेची चौकट, तिच्यावरचा चांदीचा मुलामा कोपऱ्याकोपऱ्यांत तेवढा उरलेला. आठ पैलूंची, तीन इंचांहून थोडी लांब नळी. रोजवुडच्या लाकडाची मूठ. चापाभोवती कडे नाही. चौकटीतून डोकावणाऱ्या खुंटीसारखा चाप. नळीच्या बुडाशी असलेली कळ दाबली की नळी वरच्या बिजागरीवर आकाशाकडे उलटते, चक्र हाती येते, आणि नळीखाली घट्ट बसविलेल्या दांडीवर ते दाबून रिकामी काडतुसे एकेक करून बाहेर ढकलावयाची. चक्रात घरे सात.

या घरांकडे पाहिल्याबरोबर सत्तावनच्या कथेला पहिला तडा गेला. सत्तावनच्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी रिव्हॉल्वरे असत, ती बहुतेक कोल्टची किंवा अ‍ॅडम्सची. त्यांच्या चक्राची घरे मागल्या बाजूने बंद असत. समोरून दारू आणि गोळी ठासावयाची, आणि मागल्या बाजूच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवावयाची. घोडा टोपीवर पडे आणि ठिणगी आत जाई. आमच्या हातातील चक्राची घरे आरपार होती आणि बोंडीचा मागमूस नव्हता. म्हणजे ते धातूच्या आयत्या काडतुसासाठी केलेले होते. आणि तेही ज्यास रिमफायर म्हणतात त्या काडतुसासाठी, कारण घोड्याचे नाक घराच्या मध्यावर न पडता काठावर पडत होते.

ही रिमफायरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. तांब्याच्या पातळ पत्र्याची एक नळकांडी. तिच्या बुडाचा पत्रा बाहेर दुमडून केलेली पोकळ कड. आणि त्या पोकळीत आघाताने पेट घेणारे द्रव्य. घोडा कडेवर पडला की पत्रा चेपतो, द्रव्य पेटते, दारू उडते. पॅरिसच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास अशी चिमुकली काडतुसे केली. ती बैठकीच्या खोलीत निशाणबाजी खेळण्यापुरती होती. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या स्मिथ आणि वेसन या जोडीने त्यांत दारू भरून आणि गोळी बसवून त्यांस कामाला जुंपले. काडतूस इंचाच्या बावीस शतांश व्यासाचे, गोळी २९ ग्रेनांची आणि दारू अवघी ४ ग्रेन, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. या रचनेत गुण आहे तेथेच दोष आहे. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो, आणि पातळ पत्रा मोठ्या दारूचा दाब सोसत नाही. म्हणून मोठ्या व्यासाची रिमफायर काडतुसे हळूहळू मागे पडली आणि मध्यावर आघात घेणारी पुढे आली. बावीसचे तेवढे टिकले, आणि आजही निशाणबाजीच्या मैदानावर तेच उडते.

आता अक्षरे. धातूवरची झिजलेली अक्षरे वाचण्यास भिंगाहून तिरपा उजेड अधिक उपयोगी पडतो. आम्ही खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, विजेरी आडवी धरली आणि खिशातील खडूची भुकटी बोटाने हलकेच चोळली. नळीवर स्मिथ आणि वेसन यांचे व स्प्रिंगफील्डचे नाव उमटले. या नावालाही लगेच भुलू नये. त्यांच्या घडणीची नक्कल बेल्जममधील लिएज येथे पुष्कळ झाली. तेथील नगांच्या चक्रावर लंबवर्तुळात ई. एल. जी. ही परीक्षागृहाची मोहोर सापडते. तिच्यावर मुकुट असेल तर तो नग १८९३ नंतरचा, नसेल तर आधीचा. इंग्लंडच्या परीक्षागृहांच्या मोहोरांतही मुकुट असतो. अमेरिकेत मात्र अशी सरकारी मोहोर उठविण्याची चाल नव्हती. शिवाय हिंदुस्थानात विकल्या गेलेल्या शस्त्रावर कलकत्त्याच्या रॉडासारख्या पेढीचे नाव आढळले, तर ते बहुधा विकणाऱ्याचे समजावे, घडविणाऱ्याचे नव्हे. आमच्या नगावर परकी मोहोर नव्हती, विक्रेत्याचे नावही नव्हते. एवढ्यापुरता तो अस्सल दिसला.

मग ते प्रसिद्ध साल. चक्राभोवती बारीक अक्षरांत 'पेटंट' हा शब्द होता आणि त्यापुढे ३ एप्रिल १८५५. घरच्या मंडळींनी वाचले होते ते बरोबरच होते. परंतु चक्र गोल असते आणि ते फिरवून पाहावे लागते. खडू पुढे नेला तेव्हा दुसरी तारीख उमटली : ५ जुलै १८५९. आणखी पुढे, सर्वांत अधिक झिजलेली तिसरी : १८ डिसेंबर १८६०. खोलीतील तिघेही काही काळ बोलले नाहीत. जी वस्तू आपल्या अंगावर १८६० ची तारीख वागविते ती १८५७ साली कोणाच्याही हातून हिसकावून घेणे शक्य नाही. आणि तारखा क्षणभर बाजूस ठेवल्या तरी निकाल तोच येतो. कारण या कारखान्याचे पहिलेवहिले रिव्हॉल्वरच १८५७ च्या अखेरीस तयार होऊ लागले. औरंगाबादेच्या उठावाच्या वेळी त्या जातीचा एकही नग जगात कोठे विक्रीस आलेला नव्हता.

पहिली तारीख मग कशाची? ती हत्याराच्या जन्माची नसून एका माणसाच्या हक्काची आहे. रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराने ३ एप्रिल १८५५ रोजी आरपार छिद्राच्या चक्राचे पेटंट मिळविले. त्याचा मूळ नमुना व्यवहारात चालण्याजोगा नव्हता, परंतु ती एक कल्पना लाखमोलाची होती. स्मिथ आणि वेसन यांनी ती वापरण्याचा एकाधिकार घेतला, व्हाइटला नगामागे पंचवीस सेंट देऊ केले, आणि करारात एक कलम घातले की पेटंटाची नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात भांडण्याचा भार व्हाइटने सोसावा. नक्कल करणारे पुष्कळ निघाले; व्हाइट खटले जिंकत गेला आणि त्याचे उत्पन्न वकिलांच्या घरी जात राहिले. १८६९ मध्ये पेटंटाची मुदत संपली. त्याला दिलासा देण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने विधेयक संमत केले, तर जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. लाखो हत्यारांवर ज्याच्या हक्काची तारीख कोरली गेली त्याच्या पदरात एवढेच पडले. आमचे वकील स्नेही हा भाग ऐकताना थोडे हसले, परंतु लगेच गंभीर झाले.

तारखांची साक्ष एकटी सोडू नये, तिला इतर खुणांची जोड मिळते का हे पाहावे. या नमुन्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिलीत चौकटीच्या बाजू फुगीर आणि बाजूचे झाकण लहान व गोल असते. दुसरीत बाजू सपाट आणि झाकण मोठे व वेड्यावाकड्या आकाराचे असते. १८६८ पासूनच्या तिसरीत नळी गोल होते, चक्रावर पन्हळी येतात आणि मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळते. आमचा नग दुसऱ्या आवृत्तीचा ठरला. मुठीच्या बुडावरील क्रमांक पाच आकडी होता, आणि स्क्रू काढून पाहिले तर मुठीच्या लाकडाच्या आतल्या अंगावरही तोच क्रमांक होता. म्हणजे लाकूड मूळचेच. या दुसऱ्या आवृत्तीतील काही नगांवर कारखान्याने स्वतःच 'दुसरी प्रत' अशा अर्थाची अक्षरे ठोकून ते विकले, असे आढळते. आपल्या मालातील उणेपण आपणच त्यावर कोरणारा विक्रेता आमच्या वाचकांनी किती पाहिले असतील ते त्यांचे त्यांनी आठवावे.

शेवटी प्रकृती. नळी उजेडाकडे धरून आत पाहावे. जुन्या काळ्या दारूचा मळ वेळीच धुतला नसेल तर आतले आटे देवीच्या व्रणांसारखे खाल्लेले दिसतात. बिजागरी हलवून पाहावी. ती सैल असेल तर नळी आणि चक्र एका रेषेत राहात नाहीत. घोडा हळूच मागे घेऊन चक्र प्रत्येक घरावर नेमके थांबते का हे पाहावे. परंतु रिकाम्या रिमफायरचा चाप ओढून घोडा मात्र कधीही पाडू नये. काडतूस नसताना घोड्याचे नाक थेट चक्राच्या कडेवर आदळते. आमच्या नगाच्या सातांपैकी पाच घरांच्या कडेवर असे खड्डे होते. पोरांच्या पिढ्यांनी रिकाम्या हत्याराने केलेल्या खेळाची ती नोंद होती. स्क्रूच्या खाचा चुरगळल्या असतील तर अडाणी हाताने ते उघडले असे समजावे. आणि एखादे हत्यार चकचकीत दिसले तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. कारण राखेने किंवा कानशीने घासून आणलेली चकाकी कोरीव अक्षरे आणि मूळ मुलामा दोन्ही खाऊन टाकते, आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या लेखी त्याने किंमत निम्मी होते. आमच्या वृद्ध गृहस्थांनी दर दसऱ्याला पूजेपूर्वी ते भक्तिभावाने घासले होते. १८६० ही तारीख सर्वांत पुसट का होती, याचे उत्तर कदाचित तेथेच असेल.

अशा हत्यारातून गोळी झाडण्याचा विचारही करू नये. त्या काळचे पितळ आणि लोखंड पाव ग्रॅम काळ्या दारूसाठी घडलेले आहे, आजच्या धूरविरहित दारूच्या दाबासाठी नाही. तेव्हा स्वसंरक्षणाचे साधन म्हणून याची किंमत शून्य. जी किंमत आहे ती यंत्रकलेच्या इतिहासातील एक पायरी म्हणून, आणि ती पायरी निःसंशय मानाची आहे. आयते धातूचे काडतूस घेणारे, कारखान्यात मोठ्या संख्येने घडलेले अमेरिकेतले पहिले रिव्हॉल्वर ते हेच. परंतु तिन्ही आवृत्त्या मिळून त्याचे नग अडीच लाखांच्या घरात निघाल्यामुळे ते दुर्मिळ म्हणता येत नाही.

हे सारे आम्ही सांगितले, आणि सांगताना आम्हांस सुख झाले नाही. मागणीचा मोठा हिस्सा सत्तावनच्या नावाचा होता आणि तो आमच्या चिमूटभर खडूने उडाला. पलीकडे एका मुलीची फी होती. आम्ही गप्प बसलो असतो तर आमच्या स्नेह्यांची ऐपत होती आणि हौसही होती; कोणी उपाशी राहिले नसते. अशा वेळी मनात एक वकील उभा राहतो आणि म्हणतो, तुला अक्षरे वाचावयास बोलाविले, इतिहास सांगावयास नाही. पहिली ओळ वाच आणि घरी जा. परंतु पहिली ओळ वाचून दुसरी गाळणे हे खोटे बोलण्याचे सर्वांत सभ्य रूप आहे, आणि आमच्या व्यवसायातल्या माणसास ते सर्वांत कमी शोभते. शिवाय असत्याच्या आधारावर मदत करावयाची तर ती दुसऱ्याच्या खिशातून का? मदत करावयाची असेल तर ती स्वतःच्या खिशातून आणि मदत म्हणून करावी. पुढे आम्ही दोघांनी त्या मुलीच्या फीत आपापला वाटा तसा उचललाही. पण तो हिशेब वेगळा.

वृद्ध गृहस्थांना पैशाहून दुसरेच लागले होते. "म्हणजे आमचा आजा खोटं बोलला?" त्यांनी विचारले.

"नाही अण्णा," आम्ही म्हणालो, "त्यांना कोणीतरी पहिलीच ओळ वाचून दाखवली असणार. त्यांनी ऐकलं ते खरं मानलं, इतकंच."

ते काही बोलले नाहीत. मग परवान्याच्या पिशवीतून त्यांनी एक घडीवर फाटलेला कागद काढला. घरात तो कोणास वाचता येत नव्हता म्हणून आजवर कोणी पुढे केला नव्हता. कागद निजामी अमदानीतील उर्दूत होता. आमच्या एका उर्दू जाणणाऱ्या सहकाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशी वाचला. त्यांच्या आजोबांच्या नावाने सात गोळ्यांचा एक तमंचा बाळगण्याची ती परवानगी होती. साल होते १३४२. वकील स्नेह्यांनी तत्काळ ते हिजरी धरून १९२३-२४ असा हिशेब केला. सहकाऱ्यांनी सालाशेजारचा 'फसली' हा शब्द दाखविला. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन येतो. तेव्हा कागद १९३२-३३ चा ठरला. साल वाचताना ते कोणत्या गणनेतले हे विचारावयाचे राहिले की नऊ वर्षे अशी हातोहात इकडची तिकडे होतात.

त्या रिव्हॉल्वरच्या या मुलुखातील वास्तव्याचा हा पहिला खरा पुरावा. त्याआधी ते येथे कसे आले? जालन्याच्या छावणीतील कोणी अधिकारी बदलीवर जाताना विकून गेला असेल, कोणी मुंबईहून आणले असेल. या केवळ शक्यता, आणि शक्यता किमतीत धरावयाची नसते. परंतु एवढे निश्चित की आजोबांनी ते उघडपणे, स्वतःच्या नावाने, सरकारास कळवून बाळगले होते. आम्हांस विचाराल तर ही गोष्ट हिसकावून आणण्याच्या गोष्टीहून हलकी नाही. फक्त ती पोवाड्यात बसत नाही. व्यवहार पुढे रीतसर झाला. किंमत वस्तूची पडली, कथेची नव्हे. वृद्ध गृहस्थांनी रिव्हॉल्वर दिले, आणि कागद मात्र 'हा इकायचा नाही' असे सांगून परत घडी करून ठेवला. त्याची छायाप्रत वस्तूबरोबर गेली, आणि पुरावा म्हणून ती पुरेशी होती.

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक जुना उपदेश चालत आलेला आहे की हत्यार विकत घ्यावे, त्याची गोष्ट घेऊ नये. तो खरा आहे, परंतु पुरा नाही. वस्तूलाही स्वतःची एक गोष्ट असते. ती सांगणाऱ्याच्या गोष्टीहून बहुधा लहान असते, कमी शूर असते, आणि ती ऐकावयास चक्र पूर्ण फिरवून पाहावे लागते. आपली अडचण अशी की मनाजोगे साल सापडले की आपले बोट तेथेच थांबते. हा दोष शस्त्रे घेणाऱ्यांपुरता नाही. गावांच्या, घराण्यांच्या आणि पक्षांच्या इतिहासात पहिल्या तारखेवर बोट ठेवून पुढील दोन तारखा घासून काढणारे भक्त आपणांस रोज भेटतात, आणि त्यांची घासणीही बहुधा पूजेच्याच निमित्ताने चालते.

आमच्या स्वतःच्या पदवीपत्रावर एक साल छापलेले आहे. ते आमच्या ज्ञानाचे साल असे पुष्कळ दिवस लोक समजत आले आहेत, आणि आम्ही त्यांस फारसे अडविलेले नाही. वास्तविक ते केवळ हक्काचे साल आहे. त्या हक्कामागे माल घडला की नाही, कोणत्या आवृत्तीचा घडला, आणि त्यावर 'दुसरी प्रत' अशी अक्षरे आहेत की काय, हे ज्याने त्याने आम्हांस तिरप्या उजेडात धरून वाचावे.